हेमंतचा वाकडा रिमोट

हेमंत गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. बडोद्यातल्या गोत्रीहून वाघोडियाला जाणाऱ्या आमच्या बसमध्ये खिडकीची जागा त्याची आणि तिच्या शेजारची माझी, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. तो आजारी पडून रजेवर गेला तेव्हापासून त्या खिडकीच्या जागेवर मी माझी बॅग ठेवत असे. कोणी बसायला आलं की कपाळाला आठी घालायचो, आणि लोकही मुकाट्याने पुढे सरकायचे. त्या सकाळी चोकडीचा चौक ओलांडून बस कारखान्यांच्या रस्त्याला लागली आणि फोन वाजला. त्याच्या मुलीचा, ईशाचा. "बाळूकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो. खरंच सांगतो, "बरं" म्हणालो, आणि फोन खिशात ठेवला. बस थांबली, उतरलो, रोजच्यासारखी हजेरी लावली, टोपी घातली, आणि मशीनपाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपण इथे कशाला आलोय. मग जी धावपळ केली ती केली. परतीच्या रिक्षात माझ्या लक्षात आलं, बॅग बसमध्येच राहिली होती, त्याच्या जागेवर.

आता काही आठवडे उलटले आहेत. हेमंत हा काही पुरवणीत लेख यावा असा मोठा माणूस नव्हता. प्लास्टिकच्या डब्यांचे आणि बादल्यांचे साचे काढायचा, सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवायचा आणि सेव-उसळीवर तर्री जास्त घ्यायचा, बस. पण माझ्या आयुष्यातला निम्मा आनंद या माणसाच्या शेजारी बसून झाला, आणि त्यातलाही बराचसा एका व्हिडिओ गेमसमोर. हसू आलं असेल तर हसा. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मित्राच्या आठवणीत लिहायला बसतो आणि व्हिडिओ गेमचं काढतो, हे मलाही विचित्र वाटतं. पण त्याला आठवायला बसलं की मला त्याचा चेहरा आधी दिसत नाही... दिसतं एक बर्फाचं खोरं, पलीकडे धुकं, आणि त्या धुक्याकडे संथपणे चालत जाणारा कोणीतरी.

तेव्हा आम्ही शाळेत, वरच्या वर्गांत. हेमंतचं घर दांडिया बाजारात, भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे एक अरुंद ओटा. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडदळात होते. त्या शौर्याची घरात उरलेली निशाणी म्हणजे कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक तलवार, आणि वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मिशा. हेमंत मात्र पाल दिसली तरी झाडूने हळूच वाट दाखवणारा. त्याचे मामा अमेरिकेत होते. ते एका सुट्टीत आले ते हा गेम घेऊन. करड्या रंगाचा डबा, वर खाचेत बसवायची कॅसेट, आणि चार रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणतात हे फार उशिरा कळलं, बडोद्यात आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. रिमोटच्या मधोमध अंगठ्याने ढकलायची एक बुटकी दांडी होती. जिकडे ढकलाल तिकडे तुम्ही. तुम्ही स्वतः पडद्यावर दिसत नाही, दिसतो फक्त तुमचा हात आणि त्यातली बंदूक, बाकी सगळं जग तुमच्याच डोळ्यांनी. आणि चौघं खेळायला बसले की टीव्हीचे चार चौकोन व्हायचे, प्रत्येकाला एक. गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांनी खेळलाय त्यांनी एव्हाना ओळखला असेल, आणि ज्यांनी खेळला नाही त्यांना नाव सांगून काय फायदा?

अमेरिकेची वीज वेगळी, म्हणून मामांनी सोबत एक जड ठोकळाही आणला होता. तो मध्ये जोडला की गुणगुणत राहायचा आणि तापायचा. अमेरिकेचं चित्रही वेगळं निघालं. आमच्या टीव्हीवर गेम लागला, आवाज आला, पण रंग काही केल्या येईना. मामा परत गेले, टीव्हीवाला येऊन कान खाजवून गेला, आणि आम्ही वर्षभर तो गेम काळा-पांढरा खेळलो. आमची तक्रार नव्हती. खोऱ्यात बर्फच होतं, ते पांढरंच असणार. रक्त काळं दिसायचं, तेही आम्हाला तसंच असेलसं वाटायचं. बाहेर मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, खिडकीला ओलं पोतं लावलेलं, आणि आत आम्ही बर्फात. मला अजूनही ओल्या पोत्याचा वास आला की थंडी वाजल्यासारखं होतं.

आम्ही म्हणजे हेमंत, मी, आणि समोरच्या घरातला जिग्नेश. जिग्नेश पक्का गुजराती, पण मराठी असं बोलायचा की अप्पा म्हणायचे, याला दत्तक घ्या आणि आमचा तो तिकडे देऊन टाका. चौथा रिमोट मोकळा राहायचा म्हणून एकदा आम्ही काकूंच्या, हेमंतच्या आईच्या हातात दिला. काकू पोळ्या आटोपून येऊन बसायच्या. दांडी कशी ढकलायची ते त्यांना कधी जमलं नाही, त्यांचा शिपाई खोऱ्याच्या मधोमध आकाशाकडे बघत उभा असायचा. आम्ही त्याला गोळ्या घातल्या की त्या शांतपणे विचारायच्या, "मी काय केलंय रे तुमचं?" तेव्हापासून घरचा नियम झाला, काकूंना मारायचं नाही. एकमेकांवर तुटून पडणारे आम्ही त्यांच्याजवळून जाताना बंदूक खाली करायचो. जिग्नेशने एकदा चुकून त्यांच्यावर बॉम्ब टाकला तर हेमंतने त्याला त्या दिवशीची सेव-उसळ दिली नाही.

आणि हेमंतचं खेळणं... कसं सांगू? नेम त्याचा चांगला होता, पण त्याला मारामारीत रस कमी. मी आणि जिग्नेश बुरुजावर एकमेकांच्या जिवावर उठलेलो असायचो आणि याचा चौकोन बघावा तर हा आपला कमाटीबागेत फिरायला निघाल्यासारखा खोऱ्याच्या कडेकडेने चाललेला. खोऱ्याच्या पलीकडे धुकं होतं. आज कोणी सांगेल की त्या काळच्या यंत्राला लांबचं चित्र काढायला जमायचं नाही, म्हणून तिथे धुकं घालून वेळ मारून नेलेली. असेल. हेमंत त्या धुक्याकडे चालत राहायचा. तो जवळ गेला की धुकं तेवढंच मागे सरायचं, मग एक न दिसणारी भिंत लागायची, आणि तो तिथे उभा राहायचा. "बाळ्या, इथे ये ने जरा," असं म्हणायचा. मी शिव्या देत जायचो. दोघं शेजारी शेजारी उभे राहून धुकं बघायचो. मागे जिग्नेश आम्हाला शोधत बोंबलत असायचा. "काय शांत आहे ना," हेमंत म्हणायचा. मग जिग्नेश यायचा आणि दोघांनाही उडवायचा.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. फौजेतल्या घराण्यांत दसऱ्याला शस्त्रपूजा. तलवार उतरवायची, तेल लावायचं, पाटावर लाल कापड घालून मांडायची, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. तलवारीशेजारी घरातली बाकीची शस्त्रंही येतात. अप्पांचं पेन, काकूंची विळी आणि कात्री, स्कूटरची चावी. त्या वर्षी काकूंनी सगळं मांडलं, मागे सरून बघितलं, आणि टीव्हीखालून हेमंतचा रिमोट उचलून आणून पाटावर ठेवला. अप्पांच्या मिशा थरथरल्या. तलवारीशेजारी हे खेळणं? काकू म्हणाल्या, "पोरं वर्षभर ज्याने लढली ते त्यांचं शस्त्र. तुमच्या तलवारीने कधी भाजी तरी चिरली का?" काकूंचा हात सढळ, तुळशीला पाणी घालताना ओटाभर घालणाऱ्या. त्यांनी कुंकू छान ओलं करून कालवलं आणि रिमोटला लावलं ते नेमकं दांडीच्या बुडाशी, चांगलं बोटभर. वर फुलाने पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी हेमंत खेळायला बसला आणि त्याचा शिपाई डावीकडे वळायला लागला. कुंकू आत उतरून सुकलं होतं. दांडी सोडली तरी मधोमध परत येईना, किंचित डावीकडे अडून राहायची. नुसता रिमोट खाली ठेवला तरी शिपाई आपला उभ्या जागी हळूहळू डावीकडे फिरतोय... गरागरा नाही, अगदी संथ, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. जिग्नेश हसून हसून ओट्यावर लोळला. काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्यांना वाटलं, मामांनी एवढ्या लांबून आणलेली वस्तू आपण बिघडवली. हेमंतने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बिघडला कुठे? आता तर ओळखता येतो, हा माझा." तेव्हापासून तो रिमोट त्याचाच. आम्हाला सरळ रिमोट, त्याला वाकडा. तो अंगठा सतत थोडा उजवीकडे दाबून धरायला शिकला. काही दिवसांत असा सराव झाला की तो सरळ चालतोय की नाही याची कोणाला शंकाही येऊ नये. दिवाळीत अप्पांनी नवा टीव्ही घेतला, आणि त्यावर अचानक रंग आले. आम्ही तिघं तोंडात मारल्यासारखे बसून राहिलो. आमचं पांढरं बर्फ चक्क निळसर होतं.

काकू पुढे काही वर्षांनी गेल्या, साध्या तापाचं निमित्त होऊन. हेमंतने तो रिमोट कधीही उघडला नाही. जिग्नेशचं सावली गावात मोटार दुरुस्तीचं दुकान झालं, हातात सदा पाना. तो म्हणायचा, दोन स्क्रू आहेत, आण इकडे, चहा पिता पिता साफ करतो. हेमंत म्हणायचा, करू कधीतरी. त्याने त्याचं कारण कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लग्न झालं, गोत्रीला फ्लॅट घेतला, त्याच्याबरोबर तिकडे तलवार गेली, गेम गेला, गुणगुणणारा ठोकळाही गेला. मेधावहिनी नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या दसऱ्याला पाटावर रिमोट बघून त्यांनी मला कानात विचारलं होतं, भाऊजी, हे यांच्याकडे असंच असतं का? मी म्हटलं, वहिनी, अजून काय काय बघाल. हेमंत दरवर्षी रिमोट मांडायचा, पण कुंकू लावायचा नाही. नुसत्या अक्षता आणि एक फूल. "त्याला आधीच लागलंय," म्हणायचा.

ईशा लहान असताना त्याच्या मांडीत बसून खेळायची. तिचा अंगठा दांडीवर, त्याचा अंगठा तिच्या अंगठ्यावर. घरी कोणी आलं की सरळ रिमोट पाहुण्याला, वाकडा घरच्याला, हा काकूंच्या घरातला रिवाज गोत्रीतही आला, त्यामुळे थोडी मोठी झाल्यावरही तिच्या वाट्याला तो वाकडाच. तीही त्या धुक्याशी जाऊन उभी राहायची. मग अभ्यास वाढला, बारावी, इंजिनिअरिंगचं कॉलेज, आणि गेम टीव्हीखाली पडून राहिला. आम्ही मात्र रविवारी दुपारी जेवून बसायचोच. वहिनी म्हणायच्या, बघा, टकलं पडली तरी एकमेकांना मारतायत.

या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही सगळेच लहान झालो. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा त्याला बरेच दिवस ठेवून घेतलं होतं. ईशाला वाटलं, बाबा घरी येतील तेव्हा त्यांचा गेम नीट असावा. इंजिनिअरिंगची पोरगी, स्वस्थ बसवेना तिला. तिने रिमोट उघडला. दांडीच्या बुडाशी लालसर खपली धरली होती. तिला वाटलं गंज. कापूस, स्पिरिट, घासून घासून पुसून काढलं, पुन्हा बसवला. दांडी मधोमध परत येतेय आणि शिपाई जागच्या जागी उभा राहतोय एवढं बघितलं आणि ठेवून दिला. बाबांना सरप्राइज.

तो घरी आला तो रविवार मला लख्ख आठवतो. माझी त्याची ती शेवटची धड भेट. मी आणि जिग्नेश गेलो होतो. हेमंत उशांना टेकून बसला होता, शर्टात तो कुठे संपतो तेच कळत नव्हतं, पण डोळे तेच. ईशाने त्याच्या हातात रिमोट दिला आणि दारात जाऊन उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. खेळ सुरू झाला. आणि हेमंतचा शिपाई उजवीकडे गेला. थेट जाऊन बुरुजाच्या भिंतीला भिडला. त्याने मागे घेतला, पुन्हा निघाला, पुन्हा भिंत. इतक्या वर्षांचा दाबलेला अंगठा, त्याला काय माहीत आता दाबायची गरज नाही ते. त्याने पडद्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे, मग दाराकडे. मला कळलं, म्हणजे त्याला कळलं हे मला कळलं. जिग्नेश तेवढ्यात चहा घ्यायला आत गेला होता. "ईशा," हेमंत म्हणाला, "आत काही निघालं का गं?" ती म्हणाली, "हो बाबा, केवढा लाल गंज! सगळा काढला." तो हसला. "वा. एकदम सरळ झाला." मग तो भिंतींना धडका देत खेळत राहिला आणि म्हणत राहिला, औषधांनी हात कापतात रे. हात अजिबात कापत नव्हते.

निघताना त्याने मला वाकायला लावलं. "तिला सांगू नको, कुंकू होतं म्हणून," म्हणाला. मी मान हलवली. आम्ही बडोद्याची माणसं निरोप घेतानासुद्धा 'आवजो' म्हणतो, पुन्हा या. तो मला म्हणाला, मीही त्याला म्हणालो. जीभ वळायची तशी वळली.

मी कोणाला बोललो नाही. पण बाराव्याच्या आधी माणसं बसायला येतात, बोलणं निघतं. एका दुपारी जिग्नेश बसला होता, डोळे लाल, आणि सगळ्यांना थोडं हसवावं म्हणून त्याने तो दसरा सांगितला. काकूंचं सढळ कुंकू, डावीकडे फिरणारा शिपाई, सगळं. सांगताना त्याला तरी काय ठाऊक? लोक हसलेही. ईशा कोपऱ्यात होती. ती म्हणाली, "म्हणजे तो गंज नव्हता?" आणि हेमंतची पुण्याहून आलेली म्हातारी आत्या, जिला मेधावहिनींच्या कपाळावरची टिकली आल्यापासून खुपत होती, ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "घरातलं कुंकू पुसू नये गं बाई. बघ काय झालं."

मला असा संताप आला की म्हातारीला उचलून बसमध्ये नेऊन बसवावं. कोणीतरी विषय बदलला. पण बाण सुटला होता. ईशा काही खुळी नाही, यंत्रं शिकते, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. तरी असलं वाक्य सुतकाच्या घरात एकदा पडलं की ते झाडूनही निघत नाही. त्या दिवसापासून पोरगी बोलायची बंद झाली. कॉलेजला जाईना. जेवायला बसायची आणि उठायची. आधी आजीची खूण पुसली, मग बाबांचा शेवटचा खेळ बिघडवला, आणि वर हे. तिने टीव्हीखालचं सगळं एका खोक्यात भरलं आणि खोकं दाराशी नेऊन ठेवलं. वहिनींनी मला फोन केला, म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही हे घेऊन जा, ती त्याच्याकडे बघूही शकत नाही. मग म्हणाल्या, "बाप गेला तो गेला, आता पोरगी हातची जाते की काय असं झालंय मला."

तो दिवस दसऱ्याचा निघाला. वर्षभर सण नाही, त्यामुळे दाराला तोरण नव्हतं. खालून सोसायटीतल्या स्पीकरवरून इकडच्या दसऱ्याच्या खाण्याची, फाफडा-जलेबीची आरोळी तेवढी येत होती. पण तलवार वहिनींनी उतरवली होती. "शस्त्राला तेलाशिवाय ठेवू नये, असं हे नेहमी सांगायचे," म्हणाल्या. पाटावर तलवार, एक दिवा, कुंकवाचा करंडा, बाकी काही नाही. ईशा आतल्या खोलीत. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मनात दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तोंडात येईपर्यंत सगळी शिळी झाली. शेवटी खरं तेच सांगितलं, की तुझ्या बाबाला त्याच दिवशी सगळं कळलं होतं, आणि तो हसला होता, आणि तुला कळू नये एवढंच त्याला हवं होतं. ती म्हणाली, "म्हणजे वाईट वाटलंच त्यांना. लपवलं फक्त." पोरगी हुशार आहे, बापावर गेलीये.

मग मला आपलं काहीतरी सुचायचं म्हणून सुचलं. म्हटलं, बरं बाई, मी घेऊन जातो खोकं. पण घरी गेल्यावर चालला नाही तर मला कळायचं नाही, एकदा लावून दे. ती उठली ती माझा मान ठेवायला म्हणून. तारा जोडल्या. ठोकळा गुणगुणायला लागला. कॅसेट काढून तिने फुंकर मारली, अगदी हेमंतसारखी, गाल फुगवून. रिमोट काढले आणि सवयीने त्यातला एक मला दिला आणि तो, तो एक, स्वतःकडे ठेवला. सरळ पाहुण्याला, वाकडा घरच्याला. आता सगळेच सरळ होते, पण हाताला कोण सांगणार? पडद्याचे दोन भाग झाले. बर्फ आलं, निळसर.

तिने दांडी ढकलली आणि तिचा शिपाई उजवीकडे गेला. बुरुजाची भिंत. तिने मागे घेतला, पुन्हा निघाली, पुन्हा उजवीकडे, पुन्हा भिंत. तिने कपाळाला आठी घातली, रिमोट कानाशी नेऊन हलवला.

"काका, मी हाही नीट नाही केला," ती म्हणाली. "उजवीकडे ओढतोय."

मी तिच्या हातातून रिमोट घेतला आणि चाललो. शिपाई सुतासारखा सरळ, खोऱ्याच्या मधोमध. थांबलो, तर तोही थांबला. रिमोट तिला परत दिला. ती निघाली, आणि गेली उजवीकडे.

"रिमोट सरळ आहे," मी म्हणालो. "अंगठा बघ तुझा."

तिने मान खाली घातली. अंगठा दांडीवर होता, आणि तो किंचित, अगदी किंचित उजवीकडे दाबलेला होता, जसा मांडीत बसून शिकवला होता तसा. ती बघत राहिली. सोडायचा प्रयत्न केला, पुन्हा धरला, पुन्हा तसाच. काकूंनी एका दसऱ्याला जे लावलं होतं ते तिने कापसाने पुसलं होतं, खरं आहे. पण ते रिमोटमध्ये होतं कधी? ते त्याआधीच तिच्या बापाच्या हातात गेलं होतं, आणि तिथून तिच्या. स्पिरिटने ते निघणारं नव्हतं... ती रडली, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलासारखी, आणि रडतानाही रिमोट सोडला नाही, त्यामुळे पडद्यावर तिचा शिपाई भिंतीशी अंग घासत तसाच पुढे पुढे जात राहिला. जाता जाता भिंत संपली. पुढे धुकं होतं. मी माझा शिपाई नेऊन तिच्याशेजारी उभा केला, बंदूक खाली करून.

वहिनी दारात आल्या होत्या, किती वेळ ते देव जाणे. त्या वळल्या, पाटावरचा करंडा घेऊन आल्या, बोटाने कुंकू ओलं केलं. कोण काय म्हणेल याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. "शस्त्र दे," म्हणाल्या. मला वाटलं ईशा रिमोट पुढे करील. तिने अंगठा पुढे केला.

वहिनींनी लावलं, चांगलं बोटभर, सासूच्या हाताने. ईशाने डोळे पुसले दुसऱ्या हाताने. खोकं दाराशी रिकामं पडलं होतं, ते तसंच राहिलं. मी म्हटलं, पोरी, वाळू दे जरा ते. तिने ऐकलं नाही. तसाच ओला अंगठा दांडीवर ठेवला, आणि म्हणाली, "चला काका."